डांबरगोळ्यांचा वास

आमची आत्या घाबरट. म्हणजे साधीसुधी नव्हे, अगदी वरच्या नंबरातली. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवणार आणि मग म्हणणार, "तूच उचल गं बाई." दारात अनोळखी माणूस दिसला की ही स्वयंपाकघरात पसार. नवरा लवकर गेला, तेव्हा ती भावाकडे परत आली आणि मागच्या खोलीत राहू लागली. तो भाऊ म्हणजे माझा बाप. तो तिला "ससा" म्हणायचा, चारचौघांतसुद्धा, आणि तीही गुमान ओ द्यायची. मला त्याचा राग यायचा.

आणि अशा बाईच्या ताब्यात सरकारी ब्लँकेटं होती!

झालं असं, की मसाला पिकांच्या सरकारी कार्यालयाने आमच्या गावातल्या शेतकरी गटाला व्हॅनिलाची रोपं दिली. वेलाला सावली किती ठेवायची, फूल उमललं की सकाळीच काडीने एकेक फूल हाताने कसं फळवायचं, सगळं शिकवलं. मग शेड बांधून दिली. लाकडी पेट्या दिल्या, जाड लोकरी ब्लँकेटं दिली. लोकांना वाटतं व्हॅनिलाची शेंग वेलावरच घमघमते. कसलं काय! हिरव्या शेंगेला वास नसतोच. ती गरम पाण्यात बुडवायची, गरम आहे तोवर ब्लँकेटात गुंडाळून पेटीत कोंडायची, तिला घाम येऊ द्यायचा. मग रोज थोडं ऊन आणि पुन्हा पेटी, असं कित्येक आठवडे. तेव्हा कुठे ती काळी पडते आणि वास धरते.

गेल्या हंगामात शेंगा जेमतेम निघाल्या, त्या इथल्या इथेच खपल्या. हंगाम संपल्यावर ब्लँकेटं कुणी सांभाळायची हा प्रश्न निघाला, तर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. सरकारी वस्तू, काही झालं तर बोलणी कोण खाणार? कोपऱ्यातून आत्याचा आवाज आला, "मी ठेवते." मी तर उडालेच. घरी आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "दुसऱ्या कुणी कुत्र्याखाली अंथरली असती म्हणजे?" तिने ती ट्रंकेत घातली आणि ट्रंक स्वतःच्या खाटेला लावून ठेवली. लोकरीला कसर लागेल या धास्तीने आत डांबरगोळ्या टाकल्या. चांगल्या ओंजळभर. आम्हाला कुणाला विचारलंही नाही.

यंदा माल पहिल्यांदाच परदेशी जायचा होता. गिऱ्हाईक कार्यालयानेच बघून दिलं होतं. पहिल्या पेट्या उघडल्या की तिथल्या मॅडम येऊन बघणार, त्यांनी मान हलवली तर गाडं पुढे. नाहीतर गिऱ्हाईक दुसऱ्या गटाकडे जाणार आणि आम्ही बसणार हात चोळत.

पहिला तोडा सुतारकाकूचा. सुताराची बायको, तोंडाने फटकळ, आणि बारा महिने सर्दी. तिचा वेल सगळ्यांच्या आधी पिकला, म्हणून पहिली पेटी सगळी तिच्याच शेंगांची. मी चुलीवरच्या पाण्यापाशी होते, धुराने नाक चोंदलेलं. ब्लँकेटं गुंडाळली ती आत्याने आणि काकूने. पहिल्या पेटीला ट्रंकेतली, नंतरच्या पेट्यांना यंदा आलेली कोरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आणि मी शेडमध्ये गेलो. मी पहिल्या पेटीचं झाकण उचललं. आतून उबदार वाफ आली आणि मी एक पाऊल मागे सरकले.

"आत्या, हा कसला वास?"

"शेंगांचाच, धरायला लागलाय की," ती म्हणाली. वाकून तिने पार नाक खुपसलं. "चांगला येतोय."

तिला येतच नव्हता तो. वर्षभर त्या ट्रंकेशेजारी झोपलेली बाई. तिच्या खोलीला, तिच्या लुगड्याला तोच वास होता आणि आम्हीही तो तिचाच म्हणून सोडून दिला होता. मी "डांबरगोळ्या" एवढंच म्हटलं. ती मटकन खाली बसली. मला वाटलं, ही आता इथेच जाते.

मी बापाला बोलावून आणलं. त्याने वास घेतला, झाकण आपटलं, पेटी ओढत नेऊन कोपऱ्यात पोत्यांमागे सरकवली.

"मॅडम दुपारी येतायत. त्यांना बाकीच्या दाखवू. त्या गेल्या की ह्या शेंगा थोड्या थोड्या सगळीकडे मिसळून टाकू. कुणाला पत्ता लागत नाही."

"अहो बाबा, सगळ्याच नासतील!"

"तू गप. आणि ससा, तू तोंड उघडलंस तर माझ्याशी गाठ आहे."

त्या दिवशी दुपार होता होईना. आत्या भिंतीला टेकून बसली होती, पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. रस्त्यावर कुठलीही गाडी वाजली की तिचे खांदे उडायचे. बोलावं तर सुतारकाकूचं वर्ष पाण्यात, वर सगळा गट आत्याला फाडून खाणार. न बोलावं तर सगळ्यांच्याच पेट्या जाणार. मी स्वतःला फार धीट समजायचे. पण तेव्हा मी मूग गिळून बसले.

मॅडम आल्या. शेड माणसांनी भरली. बापाने हसत हसत एकेक पेटी उघडली. मॅडमनी शेंग बोटांत फिरवली, नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "छान. असंच चालू राहू दे." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मॅडम चपला घालायला वळल्या.

"ती एक राहिली," आत्या म्हणाली.

आवाज इतका बारीक, की आधी कुणाला कळलंच नाही कोण बोललं. मी तिचा दंड धरला.

"पोत्यांमागे आहे. मी ब्लँकेटांत डांबरगोळ्या टाकल्या होत्या. मला वास येत नाही, पण हिला येतो."

बाप गरजला, "ससा!" ती दचकली, पण गप्प बसली नाही.

मॅडमनी पेटी उघडवली आणि तोंड फिरवलं. मग सुतारकाकू म्हणाली, "माझ्या शेंगा आहेत त्या."

मॅडमनी आत्याला विचारलं, "कुणी दाखवलीच नसती, तर मला कळलं नसतं. का सांगितलंत?"

"भीती वाटली म्हणून," आत्या म्हणाली आणि रडायलाच लागली. "तिकडे कुणीतरी पेटी उघडेल, नाक दाबेल, आणि पुन्हा आपल्या कुणाकडून काही घेणार नाही. त्याची जास्त भीती वाटली. दादाची कमी वाटली."

ती पेटी खड्ड्यात पुरली. गिऱ्हाईक टिकलं. प्रत्येक घराने आपल्या शेंगांतल्या ओंजळभर सुतारकाकूच्या नव्या पेटीत घातल्या. बापाने सगळ्यांत जास्त घातल्या, मान खाली घालून. पण काकूने आत्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आत्या शेडकडे फिरकेना. ट्रंक अडगळीत गेली, खोली धुऊन काढली, लुगडी उकळली, तरी ही ओसरीवर झोपायची. सकाळी उठले की माझ्या नाकाशी तिचे दोन्ही हात. "बघ गं, येतो का?" घासून घासून कातडी सोललेली. मी म्हणायचे, "नाही गं आत्या, अजिबात नाही." तिला पटायचं नाही. वास आपल्या अंगातच मुरलाय, आपण जिथे हात लावू ते नासेल, या भीतीने ती घरातल्या पिठालासुद्धा हात लावेना. मी एकदा चिडून ओरडले, मग दोघी रडलो.

पुढचा हंगाम आला. पहिल्या बुडवणीच्या दिवशी मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. ती शेडच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आत पाणी वाफाळत होतं, शेंगा गार व्हायच्या आत गुंडाळायची घाई चालली होती. ही उंबऱ्याबाहेर, हात पाठीमागे लपवून.

सुतारकाकूने मान वर केली. हातातलं ब्लँकेट माझ्याकडे फेकून ती बाहेर आली. मला वाटलं, आता काढतेय वर्षभराचं उट्टं. आत्याने डोळे मिटून घेतले. काकूने तिचे दोन्ही हात पुढे ओढले, नाकाशी नेले आणि जोरात हुंगले. मग पदराने नाक पुसलं.

"मला मेलीला कसलाच वास येत नाही, सर्दी आहे," ती म्हणाली. "चल आत. शेंगा गार होतायत."

आत्याचे हात थरथरतच होते. तशाच हातांनी तिने ब्लँकेटाचं दुसरं टोक धरलं.