पऱ्हाटीचे वळ

माझा नवरा दारू पीत नाही. लग्नात सगळ्यांनी मला हेच सांगितलं होतं, आणि बायका अजूनही सांगतात. तो शुद्धीत मारतो. कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला आहे. घरी येतो, हातपाय धुतो, जेवतो. काही चुकलं असेल तर आधी मनगटावरचं घड्याळ सोडून फळीवर ठेवतो, कारण एकदा माझ्या दातावर आपटून त्याची काच फुटली होती. दातही तुटला होता, पण त्याबद्दल तो काही बोलला नाही.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढं वहीत लिहायला पुरतं.

आमची एकुलती एक मुलगी शिष्यवृत्तीवर दोन वर्षांपासून स्वीडनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात ती उत्तरेकडच्या देशांची संस्कृती शिकते. त्यांचा वारसा काय, ते लोक स्वतःला कोण समजतात, असा तो विषय आहे. गावात सगळे विचारतात म्हणून मला हे पाठ झालं आहे. शेजारीण एकदा म्हणाली, "डॉक्टरकी नाही, इंजिनेरी नाही, मंग तेथं करते काय व तुई पोरगी? बर्फ मोजते?" मी हसले आणि आत गेले. मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली की झरीकडे कोलामांच्या पोडावर, त्या आदिवासींच्या वस्तीवर, गोरे लोक वह्या घेऊन येतात, तेव्हा कोणी विचारत नाही. म्हणाली, आता मी त्या गोऱ्यांच्या पोडावर आले आहे.

ती दर रविवारी दुपारी फोन करते, नवरा बाजाराला गेलेला असतो तेव्हा. तिच्या मैत्रिणी दिसल्या की मी बाजूला सरकते आणि नुसता आवाज ऐकते.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडी तिनं मला एक फुलदाणी दाखवली. तिच्यात बारीक काटक्या होत्या आणि काटक्यांना लाल, पिवळी, निळी पिसं बांधली होती. त्यांच्या सणाला घरोघर ठेवतात म्हणे. मी म्हटलं, छान दिसते. ती म्हणाली, असल्याच काटक्यांनी हे लोक पूर्वी लेकरांना झोडायचे. सणातल्या शुक्रवारी तर चूक नसतानाही मारायचे, क्रुसावरच्या त्यांच्या देवाचे हाल आठवावेत म्हणून. आता तिथं लेकराला चापट मारणंही कायद्यानं बंद आहे, पण काटक्या राहिल्या. पिसं लावून राहिल्या.

तिच्या बाईंनी वर्गाला लिहायला सांगितलं होतं की तुमच्या घरी कशानं मारायचे. कोणी पट्टा लिहिला, कोणी लाकडी चमचा. माझी मुलगी पऱ्हाटी लिहिणार होती, कापसाच्या वाळलेल्या झाडाची काठी.

तिला पऱ्हाटीनं मारलं ते मी. एकदाच, पण मीच.

ती आठवीत होती. आमच्या शेतात कापूस वेचणीचे दिवस होते. दव असेपर्यंत कापूस वेचायचा नाही, हे आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं. ओला कापूस दाबून बांधला की आतून गरम होतो आणि पिवळा पडतो. पण तिची चाचणी परीक्षा होती. तिच्या वाट्याच्या ओळी वेचल्याशिवाय मी तिला शाळेत जाऊ देत नव्हते, आणि ऊन वर येईपर्यंत थांबली असती तर शाळा बुडली असती. तिनं भल्या पहाटे दोन ओळी वेचल्या, ओला कापूस गठडीच्या मधोमध दाबला, वरून कोरडा टाकला आणि गेली.

दोन दिवसांनी नवऱ्यानं त्या गठडीत कोपरापर्यंत हात घातला. कापूस त्याला हातानंच कळतो. मूठभर बाहेर काढून त्यानं नाकाशी नेला. मग विचारलं, "कोणं बांधली हे?" आवाज चढवला नाही. मुलगी भिंतीकडे सरकली. त्यानं घड्याळाचा पट्टा सोडायला घेतला.

त्याचा हात मला माहीत होता. त्या हातानं माझं डोकं चुलीच्या कडेवर आपटलं होतं. त्या हातानं माझी बरगडी मोडली होती आणि मी महिनाभर एका अंगावर वाकून झाडलोट केली होती. घड्याळ फळीवर जायच्या आत मी अंगणातल्या ढिगातून एक पऱ्हाटी ओढली.

सुकलेल्या पऱ्हाटीला बोंडांची टरफलं तशीच चिकटून असतात. त्यांची टोकं कातडीत रुततात आणि तुटून तिथंच राहतात. मी आधी पोटऱ्यांवर मारलं, मग मांड्यांवर, मग पाठीवर. तिनं तोंड भिंतीकडे केलं होतं आणि दोन्ही तळवे भिंतीला लावले होते. शाळेचा पांढरा सदरा पाठीवर फाटला आणि लाल झाला. ती आधी "माय, माय" म्हणत होती, मग नुसता श्वास ऐकू येत होता. एक पऱ्हाटी मोडली, मी दुसरी घेतली. दुसरी मोडली, तिसरी घेतली. नंतर दिवा लावून सुईनं तिच्या पाठीतले काटे काढले, हळद-तेल लावलं. त्याच हातांनी.

फुलदाणी दाखवल्याच्या पुढच्या रविवारी तिनं लिहिलेलं मला वाचून दाखवलं. तिकडच्या भाषेतलं ती मराठीत सांगत गेली. तिनं लिहिलं होतं की बापाचा हात पडू नये म्हणून आईनं स्वतः मारलं, आमच्याकडे माया अशीही असते. वर्गात मुली रडल्या म्हणे. बाईंना ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात कायमचं ठेवायचं होतं, पण त्याआधी माझी परवानगी हवी होती.

"बरोबर हाये ना, माय? हो म्हण फक्त."

मी हो म्हटलं.

त्या आठवड्यात नवऱ्यानं भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट माझ्या छातीवर फेकलं. भाजी गरम होती, गळ्याखाली फोड आले. एरवी मी त्याच्या पावलांचा कानोसा घेत बसते. त्या आठवड्यात त्याचं मला काही वाटलं नाही. मला एकाच गोष्टीची भीती होती. या जगात मला फोन करणारं माणूस एकच आहे. खरं सांगितलं तर तेही जाईल. नाही सांगितलं तर इतक्या लांबच्या देशात मी कायमची चांगली बाई म्हणून राहीन, आणि माझी मुलगी तो खोटेपणा पाठीवर वागवत राहील.

पुढच्या रविवारी तिनं काही विचारायच्या आत मी बोलले. फोन भांड्याला टेकवून ठेवला होता, तरी माझे दोन्ही हात त्याला धरून होते.

"बाई, तुहं तोंड भिंतीकडे होतं. तुले दिसलं नाही. दुसरी पऱ्हाटी मोडली तवा तुह्या बापानं घड्याळ परत बांधलं होतं. तो हातपाय धुवाले गेला होता."

ती पडद्याजवळ सरकली.

"मंग तिसरी काहून घेतली?"

मला वाटलं होतं, सांगता येणार नाही. पण ते इतकी वर्षं तयारच होतं. मी सांगितलं की हात थांबत नव्हता. पहिले काही फटके तिला वाचवायला होते, नंतरचे नव्हते. त्यात नवऱ्यावरचा राग होता, मला चौथीतून काढून वेचणीला जुंपणाऱ्या माझ्या बापावरचा राग होता.

"आणि माह्यावरचा?"

"होता."

"काहून, माय?"

"तू परीक्षेले गेली म्हणून. मले असं दवातून शाळेत कोणी पळू देलं नोतं."

ती उठून गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि खिडकी दिसत होती. मी वाट पाहिली. मग फोन बंद झाला.

त्याच्या पुढच्या रविवारी फोन आला नाही. नवरा बाजारातून परत आला, जेवला, झोपला. मी फोन पदरात घेऊन ओट्यावर बसून होते. शेजारणीनं विचारलं, लेकीचा फोन झाला का. मी मान हलवली.

तिसऱ्या रविवारी आला. चेहरा सुजलेला दिसला, थंडीनं की कशानं ते कळलं नाही. तिनं सांगितलं की ते पान तिनं फाडलं आणि दुसरं लिहिलं, मी सांगितलं तसं, तिसऱ्या पऱ्हाटीसकट. बाईंनी अजून वाचलेलं नाही. मी म्हटलं, ठेवू दे त्यांना. माझं नाव घातलं तरी चालेल. ती म्हणाली, नाव नाही घालणार.

मग म्हणाली, "मले तुहा राग आला हाये, माय. लय आला हाये. तो जाईल का नाही, मले माहीत नाही."

"असू दे," मी म्हटलं.

आमच्या घरात कोणी राग असा तोंडानं सांगितलेला मी पहिल्यांदा ऐकला. तिनं फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. नवऱ्याच्या सायकलची घंटा गल्लीच्या तोंडाशी वाजेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.