रॉकेटला लागलेलं कुंकू

माझी थोरली बहीण आशाबाई, आमची आक्का, करमाडला राहते. तिचा नवरा रामकिसन शेंद्र्याच्या एका कारखान्यात लांबलचक ट्रेलर चालवतो. तिथं रॉकेटची कवचं, म्हणजे मोठाली पोकळ पोलादी नळकांडी तयार होतात आणि दाजी ती आंध्रच्या किनाऱ्यावरच्या उड्डाणतळावर पोचवतात. पायी चालणाऱ्यानं मागं टाकावं इतक्या सावकाश. खड्डा दिसला की खाली उतरून आधी बघणार. त्या कवचाला जपलं तसं दाजींनी जन्मात दुसऱ्या कशाला जपलं नाही, आणि माझ्या रागाचं मूळ तिथंच आहे.

आक्काला रॉकेटचं भारी वेड. उड्डाण टीव्हीवर लागलं की गल्लीतल्या बायकांना गोळा करून सांगायची, "ते आमच्या यांनी नेलंय." एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढीच तिची हौस. गेल्या वर्षी मालक व्यंकटरावांनी दोघांनाही उड्डाण बघायचे पास कबूल केले. आक्कानं त्यासाठी नवी साडी घेतली. दिवसाआड कपाटातून काढून बघायची.

ट्रेलर निघायच्या दिवशी कारखान्यात पूजा असते. नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं ठेवतात. ड्रायव्हरच्या बायकोनं ट्रेलरच्या तोंडाला हळदकुंकू लावायचं, असा तिथला रिवाज. आक्कानं तेवढंच केलं. मालकीणबाई मीनाक्षीताईंचं मात्र ट्रेलरवर समाधान झालं नाही. त्यांनी सगळ्यांदेखत प्लास्टिकचं आवरण वर करून थेट कवचाच्या काठावर, जिथं पुढचा भाग जोडतात तिथं, कुंकवाची बोटं ओढली आणि हात जोडले. मालकिणीला कोण अडवणार?

शेवटची तपासणी करायला उड्डाणतळावरून आलेले श्रीरंग साहेब ती बोटं बघून भडकले. त्या सांध्यात धुळीचा कणही चालत नाही. आता सगळं पुन्हा पुसायचं, पुन्हा तपासायचं. "हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

व्यंकटराव दाजींकडं वळले. "रामकिसन, तुझ्या मंडळींनीच लावलं ना कुंकू?"

आक्का आरतीचं ताट घेऊन बाजूलाच उभी होती. दाजी खाली बघत म्हणाले, "व्हय साहेब. अडाणी बाई हाय. चुकून लागला हात."

आक्का दाजींपेक्षा जास्त शिकलेली आहे, हे जाता जाता सांगतो.

या बाईला उड्डाणाला आणायचं नाही, असं श्रीरंग साहेबांनी बजावलं. तिचा पास गेला, दाजींचा राहिला. आणि मला आजही पचत नाही ते हे, की दाजी एकटे गेले.

उड्डाणाच्या दिवशी आक्का माझ्या घरी टीव्हीसमोर बसली होती. अंगावर जुनीच साडी. रॉकेट वर गेलं तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या. मग तोंड धुवायला म्हणून आत गेली ती बराच वेळ आली नाही. दाजी मात्र फुगून परत आले. केवढा आवाज, कशी जमीन हादरली, हे भेटेल त्याला सांगत सुटले. आक्का भाकरी वाढत राहायची.

यंदा पुन्हा कवच निघालं. मालकांचा निरोप आला, 'आशाबाईंना पूजेला आणा, मागचं आम्ही विसरलो.' मी तेव्हा करमाडलाच होतो. दाजी आवरून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "चल की, लई उशीर झाला."

आक्कानं हळदकुंकवाचं ताट नीट भरलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"तुम्हीच लावा," ती म्हणाली. "कुठं डाग पडला तर माझं नाव सांगा. सवय हाय तुम्हाला."

दाजी ताट घेऊन गेले.