मोटारीचं मुसकं

लढाई लागली कुठं तरी समुद्रापलीकडं, आन् पेट्रोल गायब झालं आमच्या गोरेगावातून. मी तवा मोटार चालवत होतो. मोटार मालकाची, गावातल्या एका मोठ्या जमीनदाराची. रोज उतारू घेऊन गोरेगावहून सेनगाव, तिथून हिंगोली, आन् सांजेला परत. पेट्रोल मिळेना तसं मालकानं मोटारीच्या पाठीला एक लोखंडी भट्टी बसवून आणली. भट्टीत कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस नळीनं इंजनात न्यायचा, आन् त्यात मिसळायला हवा दुसऱ्या तोंडानं घ्यायची. मोटार चालायची, न्हाई असं न्हाई. पण जोर निम्मा.

सेनगाव सोडलं की वाटेत नदीचं पात्र लागायचं, आन् पात्रातून वर निघायला खडा चढ. तिथं आली की मोटार धापा टाकायची आन् उभी राहायची. मग सगळ्या गड्यांनी खाली उतरायचं, धक्का मारायचा. बाजाराला निघालेली माणसं, हळदीची पोती घेऊन बसलेली, ती काय गप बसत्यात व्हय? "डायवरसाहेब, तिकीट बसायचं काढलंय का ढकलायचं?" एक म्हातारा तर रोज विचारायचा, "आज आमी मोटारीत चाललो का मोटार आमच्यात?" सगळे खो-खो हसायचे. माझं टाळकं जन्माचं गरम. मला ते हसणं रात्रंदिस टोचायचं.

त्याच सुमाराला घरी बायको गरोदर होती. लग्नाला आठ वर्षं झाली होती. आठ वर्षं लोकांची बोलणी तिनं एकटीनं खाल्ली, आन् आता कुठं देवानं डोळे उघडले होते. तिचं माहेर शिरड शहापूरचं, पण आई-बाप दोघंबी न्हाईत. हिंगोलीला टेसनाजवळ एक मावशी होती. सातवा लागला तशी ती म्हणली, "मला मावशीकडं नेऊन सोडा. तिथं दवाखाना जवळ हाय. मला भेव वाटतंय."

मी म्हणलं, "काहून जातीस? मोटार दारात उभी हाय. अडीच घंट्यात हिंगोली."

तिनं मावशीचं नाव पुन्हा काढलं न्हाई. माझ्यावर तिचा लई इश्वास.

आता हवेच्या तोंडाचं सांगतो. त्या तोंडावर एक डबा होता. आत बारीक जाळी, तेलात भिजवलेला काथ्या, आन् वरून मी एक फडकं बांधायचो. हे सगळं कशासाठी, तर रस्त्याची धूळ इंजनात जाऊ न्हाई म्हणून. आमी त्याला मुसकं म्हणायचो, बैलाच्या तोंडाला बांधतात ते. एक दिवस त्या चढाच्या पायथ्याशी एक गाडीवान थांबलेला दिसला. त्यानं दोन्ही बैलांची मुसकी सोडली, पाठीवर थाप मारली, आन् भरल्या गाडीनिशी बैल झपाझपा वर गेले. माझ्या डोक्यात लख्ख पडलं. म्हणलं, आरं, आपल्या इंजनालाबी दमच पुरंना झालाय! त्याचं तोंड बांधून ठेवलंय आपण, आन् वर म्हणतो जोर लाव.

दुसऱ्याच दिवशी राकेलचा रिकामा डबा घेऊन पत्र्याचं काम करणाऱ्याकडं गेलो. मनगटाएवढी जाड नळी करून घेतली. मुसकं उपटून फेकलं, जाळीबी ठेवली न्हाई. नळीचं एक टोक इंजनाच्या हवेच्या तोंडाला जोडलं, दुसरं बानटाच्या, म्हंजे इंजनावरच्या झाकणाच्या, बाजूनं पार पुढं काढलं, म्हंजे समोरची गार हवा सरळ आत.

भट्टीचा कोळसा बघायला आन् पेटवताना पंखा फिरवायला तांड्यावरचा एक म्हातारा माझ्यासंगं असायचा. जवानीत त्यानं बैलांवर धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. तो नळीकडं बघत राहिला आन् म्हणला, "डायवरसाहेब, ही तर सगळी धूळ आत घेईल."

"तू कोळशाचं बघ," मी म्हणलं. "इंजन मला कळतं."

आन् मोटार चढली! एका दमात, भरलेली, एकबी माणूस न उतरता. वर आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो बाजारचा खोडसाळ म्हातारा म्हणला, "डायवर, मानलं बुवा तुला." मी शिट्टी मारत हिंगोलीत शिरलो. घरी आल्यावर बायकोला दोनदा सांगितलं. ती हसली, पोटावर हात ठेवून म्हणली, "ऐकतंय का रं, तुझा बाप लई हुशार हाय."

महिना-दीड महिना मी राजा होतो. मग मागून निळा धूर यायला लागला. तेल प्यायला लागली मोटार. चढाला पुन्हा दम लागायला लागला, मग एक-दोन माणसं उतरायला लागली, मग चार. मी म्हणलं, कोळसा ओला हाय. भट्टीवरच्या त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला चारचौघांत शिव्या घातल्या. तो उन्हात कोळसा पसरून वाळवायचा, मला दाखवायचा, आन् मी बघायचोबी न्हाई. आतून मला काय ते कळत होतं का? कळत होतं. खोटं काहून बोलू? पण मुसकं परत बसवायचं म्हंजे पुन्हा त्या बाजारच्या लोकांचं हसणं ऐकायचं. आज बसवू, उद्या बसवू, असं करत राहिलो.

ऐन वैशाखात बायकोला कळा लागल्या. एक दिवस, एक रात्र गेली. तांबडं फुटायला सुईण बाहेर आली आन् म्हणली, "लेकरू आडवं हाय. माझ्या हातचं न्हाई. हिंगोलीला न्या, आत्ताच्या आत्ता."

म्हाताऱ्यानं भट्टी पेटवली. मी हँडल मारलं तर हाताला जोरच लागंना. चांगल्या इंजनाचं हँडल माणसाला उलटं झटकतं. हे रिकाम्या रहाटासारखं गरागरा फिरलं. आतला दाबच गेला होता. हँडल मारून मारून हाताची सालं निघाली. सूर्य वर आला तवा कुठं इंजन धरलं.

सपाट रस्त्यानं कशीबशी सेनगावपातुर आलो. पुढं नदी. पात्र कोरडं ठाक. पात्रातून वर निघालो आन् अर्ध्या चढावर मोटार थांबली. पुन्हा खाली घेतली, पुन्हा नेटानं चढवली, पुन्हा थांबली. शेतातली माणसं धावत आली, धक्का मारला. न्हाई. म्हातारा चाकामागं दगड लावत होता आन् माझ्याकडं बघत नव्हता.

मागून आवाज आला, "आवो, मी उतरते. तेवढीच हलकी होईल."

मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. म्हणलो न्हाई. सुईणीच्या खांद्यावर भार टाकून ती उतरली. त्या उन्हात, त्या चढावर, दोन पावलं टाकायची आन् वाकायची. मी रिकामी मोटार चढवायला बघितली. रिकामीबी चढली न्हाई. मी स्टेरिंगच्या चाकावर डोकं आपटलं.

शेवटी शेतातल्याच एका माणसानं बैलगाडी जुंपली. हिंगोलीला पोचायला दुपार कलली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला वाचवलं. पोरगी झाली होती. डोक्यावर दाट काळं जावळ, मुठी आवळलेल्या. रडली न्हाई. बाई म्हणल्या, "सकाळी आणलं असतं तर बरं झालं असतं." त्यांच्या बोलण्यात राग न्हवता. असता तर बरं वाटलं असतं.

मोटार बैलांनी ओढून हिंगोलीला आणली. मिस्त्रीनं इंजन खोललं, आत बोट फिरवलं आन् माझ्यापुढं धरलं. काळा, खरखरीत चिखल होता बोटावर. धूळ आन् तेल. इंजनाचा दाब धरणाऱ्या आतल्या रिंगा पार झिजल्या होत्या. "हवेचा डबा कुनी काढला?"

"मालूम न्हाई," मी म्हणलं. म्हातारा तिथंच उभा होता. तो भट्टीतली राख झाडायला गेला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला न्हाई, आन् मीबी तांड्यावर विचारायला गेलो न्हाई.

मालकानं दुसरं इंजन बसवलं, मुसकं बसवलं, मी पुन्हा चालवायला लागलो. आमाला पुन्हा लेकरू झालं न्हाई. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलंच होतं.

त्या साली दसऱ्याला बायको आरतीचं ताट घेऊन अंगणात आली. मोटारीला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. शेजारणी उभ्या होत्या. त्यातली एक म्हणली, "बाई, हिनंच तुझा घात केला आन् हिचीच पूजा करतीस?"

"असं बोलू नगा," बायको म्हणली. "निम्मी वाट हिनं तोडली म्हणून तर मी जिती हाय. गोरेगावपासून बैलगाडीत बसले असते तर मीबी गेले असते." मग माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणली, "आन् यांनी किती हाल काढले त्या दिवशी. हाताची सालं निघाली होती यांच्या. खरं का न्हाई वो?"

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. तिच्या डोळ्यात पाणी होतं, आन् ते माझ्यासाठी होतं.

मी म्हणलं, "व्हय."