मंगळवारवाले गुरुजी

आई सोमवारी गेली. पुढच्या आठवड्यात मंगळवारी गुरुजी आमच्या अंगणात आले. तेव्हा मी दुसरीत होते.

माया ही नोकरी म्हणून, वेळ ठरवून आणि वर्षानुवर्षं करता येते, असं मानणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. नावाला गुरुजी असले तरी ते कुठल्याच शाळेत शिकवत नव्हते. स्वातंत्र्य मिळाल्यावर अर्जुनीच्या काही मंडळींनी एक समिती काढली. आज ना उद्या ज्यांची शाळा सुटणारच, अशी आसपासच्या गावांतली सहा मुलं त्यांनी निवडली आणि त्यांच्यामागे एक पगारी माणूस लावला. मूल पायावर उभं राहीपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही, एवढंच त्या माणसाचं काम. सहा मुलांचे सहा वार. आमच्या नवेगावात ते मंगळवारवाले होते. पलीकडच्या गावात त्याच सायकलवरून उतरणारा तोच माणूस बुधवारवाला होता. रविवारी ते कोणाचेच नसत.

"मला काका म्हणायचं नाही," पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं. "नातेवाईक रुसले की येणं बंद करतात. मला तशी सोय नाही. मी पगारी माणूस आहे."

चार ते पाच हा माझा तास. मी सुरुवातीला त्यांना पाहून तळ्याच्या पाळीवर, त्या उंच बांधावर, पळून जाई. ते सायकल कुडाला टेकवून खाटेवर बसत आणि बाबांना जाळं विणताना पाहत. बाबा वैतागत.

"पोरगी घरी नाही, तं कायले बसून राहिले?"

"तास तिचा आहे. ती पळाली म्हणून तो माझा होत नाही."

मग वहीत नोंद होई: मुलगी पळाली, जाळं उत्तम. त्या तासात ते पाण्याचा घोटही घेत नसत. पाच वाजले की उठून अंगणाच्या ताटीबाहेर जात, टोपी काढून खिशात कोंबत आणि परत आत येऊन म्हणत, "नमस्कार. पाहुणा आलोय." त्यानंतर त्यांनी बाबांच्या हातचा मासळीचा रस्सा किती भाताबरोबर खाल्ला, ते सांगून कोणाला पटायचं नाही. पाहुणे असताना त्यांना अभ्यासातलं काही म्हणजे काही कळत नसे. मी गणित पुढे केलं, तर रस्सा ओरपत म्हणत, "फार अवघड दिसतंय. मंगळवारी कोणी जाणकार आला तर त्याला विचार."

मी सातवी झाले आणि बाबांनी माझ्या लग्नाचं काढलं. बाबा वाईट नव्हते. "बिनमायची पोरगी. मी दिवसभर तळ्यावर. कोणाच्या भरवशावर ठेवू?" असं ते म्हणत. मला पुढे शिकायचं होतं, पण ते म्हणायची हिंमत झाली नाही. तळ्यावरच्या माणसाला वाराचं भान नसतं; बाबांनी पाहुण्यांना बोलावलं तो नेमका मंगळवार निघाला.

देवरीकडचे चौघे आले तेव्हा गुरुजी खाटेवर बसलेले. चष्मा, टोपी, वय बघून मुलाच्या आजोबांना वाटलं, हा पोरीचा मामाच. ते जवळ सरकले.

"मामा, तुम्ही तं लहानपणापासून पाहून राहिले. सांगा, पोरगी कशी हाये?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. चार वीस. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "चौदा वेळा पळून गेली. भात नऊ वेळा करपवला, त्यात दोनदा भांड्यासकट टाकावा लागला. उलट उत्तर देते. सरपणाला धाडली तर पुस्तक वाचत बसते, आणि सरपण दुसरंच कोणी घेऊन जातं."

ते पान उलटत होते. आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. "असा खरा मामा पाहिला नाही बाप्पा," म्हणाले आणि चौघेही उठले.

बाबा खाटेजवळ येऊन ओरडले. "काऊन बोलले तुम्ही? पोरीचं वाटोळं केलं माज्या!"

"त्यांनी कामाच्या वेळेत विचारलं. पाचनंतर विचारलं असतं, तर पाहुण्यासारखं गोड बोललो असतो."

त्या दिवशी ते पाच वाजता गेले ते परत आत आले नाहीत. पुढच्या मंगळवारी बाबांनी ताटी बांधून ठेवली. गुरुजी बाहेर धुळीत बसले, तासभर. असे सात मंगळवार गेले. आठव्या मंगळवारी बाबांनी स्वतःच दोरी सोडली. "आत या. लोकं हासून राहिले मले." तोवर त्या वहीची कीर्ती देवरीपर्यंत गेली होती; दुसरं स्थळ आलं नाही आणि मी अर्जुनीच्या हायस्कुलात गेले.

नोकरी लागल्यावर मी त्यांना एकदा विचारलं, "गुरुजी, त्याच वहीत मी परीक्षेत पहिली आल्याचंही लिहिलं होतं. ते का नाही वाचलंत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पानं चिकटली होती," ते म्हणाले. बारा वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच थाप.

गेल्या हिवाळ्यात ते तापानं गेले. त्यांचं असं कोणी नव्हतं. आम्ही सहापैकी पाचजण पोचलो. सहाव्याची शाळा सुटली होती ती सुटलीच, त्याचा पत्ता कोणाजवळ नव्हता. दहाव्या दिवशी नदीवर भटजींनी विचारलं, घरचं कोण? नातं काय सांगावं, आम्हाला कळेना. बाबा माझ्या मागे उभे होते. ते पुढे गेले, न्हाव्यासमोर बसले आणि डोकं खाली केलं.

बाबांचे केस आता पुन्हा आले आहेत. समितीने गुरुजींच्या जागी कोणाला नेमलं नाही. मी देवरीच्या शाळेत शिकवते.