संतापाचा मेंटेनन्स

राग न येणारी माणसं मी पाहिली आहेत, राग गिळून वर ॲसिडिटीच्या गोळ्या गिळणारीही पाहिली आहेत, आणि आमच्या सरकारी कचेरीत तर राग फाईलवर काढणारे महात्मे टेबलागणिक बसलेले आहेत. पण राग आला की कारखान्यातल्या यंत्रासारखा स्वतःचा रीतसर शटडाऊन घेणारा माणूस उभ्या जन्मात एकच भेटला, आणि नशिबानं तोच माझा व्याही झाला. गृहस्थ मूळचे धुळ्याकडचे, सिल्वासाच्या कारखान्यांत मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून केस पांढरे केलेले. मला ते त्यांच्या खानदेशी वळणानं 'याही' म्हणतात. मी रत्नागिरीचा. समोरचा सरळ बोलायला लागला की मला आधी संशय येतो, त्यामुळे हा माणूस मला पचायला जरा वेळच लागला.

माझ्या मुलानं त्यांची मुलगी पसंत केली, तिनंही याला पसंत केलं, तेव्हा रीत म्हणून आम्ही नवराबायको सिल्वासातल्या डोकमर्डी भागात त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दार त्यांनीच उघडलं. कडक इस्त्रीचा शर्ट, भरघोस मिशी, आणि गळ्यात सुतळीनं अडकवलेली लालभडक पाटी: 'धोका! काम चालू आहे. स्विच चालू करू नये.' कारखान्यात यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्याची वीज तोडून स्विचवर अशी पाटी लावतात. ज्यानं लावली त्यानंच ती काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मात्र हिनं मला चिमटा काढला आणि पुटपुटली, "नकार सांगायची ही कुठली पद्धत? चला घरी." व्याह्यांनी हात जोडून आम्हाला बसवलं, पाणी दिलं, आणि वीस मिनिटं एक अक्षर न बोलता घड्याळाकडे बघत बसले. विहीणबाई मात्र बाहेर जणू नुसते ढगच आलेत इतक्या सहजतेनं पोहे वाढत होत्या. वीस मिनिटं झाली, त्यांनी पाटी काढून खुंटीला लावली आणि प्रसन्न हसले. "माफ करा हां याही. प्लांटवरून फोन आलेला. कोणीतरी पंप कोरडा चालवून टाकला. मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते, अमिग्डाला. ती पेटली ना, की वरचा शहाणा मेंदू लाईनवरच राहत नाही. तसाच बोललो असतो तर पंपाचा राग तुमच्या पोरावर निघाला असता. हं, आता बोला." आम्ही होकार घेतला आणि पोहे संपवले.

मेंदूवरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्यांनी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली आहेत, नव्या यंत्राचं मॅन्युअल वाचावं तशी, समासात पेन्सिलीनं 'ऑयलिंग?' असे प्रश्न लिहीत. आणि वाचलेलं नुसतं ठेवून देणाऱ्यांतले ते नव्हेत. एकदा त्यांच्या कॅन्टीनमध्ये दोघा कामगारांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. हे मध्ये घुसले आणि दरडावून म्हणाले, "दोनो सतरा का पहाडा बोलो!" मार खाण्यापेक्षा हे विचित्र वाटून दोघांनी खरंच सतराचा पाढा सुरू केला, आणि 'सतरा छके' पाशी दोघेही अडकले. तोवर कॉलरी सुटल्या होत्या. हिशेबाला बसवलं की शहाणा मेंदू परत ड्युटीवर येतो, हा त्यांचा सिद्धांत. त्यांच्या सोसायटीतला अकरावीचा पोरगा गच्चीवर एका मुलीशी गुलुगुलु बोलताना सापडला, तेव्हा सेक्रेटरी पट्टा काढून निघाले होते. व्याह्यांनी त्यांना जिन्यातच अडवलं. "शेठ, थोभो! त्याचं इंजिन आलेलं आहे, ब्रेक अजून यायचेत. निसर्गानं माल दोन खेपांत पाठवला, त्यात पोराचा काय वांक, काय दोष?" मग पोराला गच्चीवर बसवून आकर्षण, शरीर आणि समोरच्याची मर्जी यावर त्यांनी इतकं सविस्तर समजावलं, की पोरगा पुढे महिनाभर गच्चीकडे फिरकला नाही.

साखरपुडा झाल्यावर दोन्ही घरं मिळून जवळच्या वासोण्याच्या सफारीत सिंह बघायला गेलो. जाळीच्या गाडीत आमच्या हिच्या ओळखीच्या एक मुख्याध्यापिकाबाईही निघाल्या. समोर सिंह-सिंहीण एकमेकांवर गुरगुरत होते. बाई म्हणाल्या, "अगंबाई, भांडतायत वाटतं!" झालं. व्याही उठून उभे राहिले. "भांडत नाहीत, मॅडम. प्रेम चाललंय. मेंदूत खोल, हायपोथॅलॅमस म्हणून पॅनल आहे. त्यात हल्ल्याचा स्विच आणि मीलनाचा स्विच अगदी शेजारी-शेजारी बसवलेत. माणसातही वायरिंग फार वेगळं नाही." मुख्याध्यापिकाबाईंनी पदर सावरला, आमची ही गवताकडे बघू लागली, माझा मुलगा तर सीटखाली काहीतरी शोधू लागला. व्याही मात्र ठामपणे पुढे बोलतच राहिले: "म्हणून तर माणसानं दुप्पट सांभाळायचं. जनावराला पाटी लावता येत नाही. आपल्याला येते." हे शेवटचं वाक्य त्यांनी कोणाकडेही न बघता म्हटलं, आणि खाली बसले. गाडीत मागे त्यांची मुलगी गप्प बसली होती. ती वडिलांसमोर नेहमीच गप्प असायची.

त्या गप्प बसण्याचं मला कोण कौतुक! लग्नाच्या आठवडाभर आधी मी ते बोलून दाखवलं. "व्याही, आजच्या काळात इतकी गुणी मुलगी! बापाच्या शब्दाबाहेर नाही." त्यांचा चेहरा उतरला. ते मिशीच्या टोकाशी चाळा करू लागले. "गुणी नाही, याही," ते म्हणाले. "घाबरलेली आहे. नऊ वर्षांची होती. माझ्या ड्रॉइंगवर दूध सांडलं तिच्याकडून. मी हातातला पाना फेकला. भिंतीला लागला, पण तिच्या कानापासून एक वीत. माझा बाप असंच फेकायचा, हातात येईल ते. त्या दिवसापासून ही माझ्यासमोर कधी 'नाही' म्हटली नाही. तुमच्या मुलाचं सांगितलं ना, तेसुद्धा बाजूच्या खोलीतून मोबाईलवर मेसेज करून." मी म्हटलं, "अहो, पण त्याला किती वर्षं झाली! विसरली असेल." ते मान हलवत राहिले. "सगळी पुस्तकं मी त्याच्यासाठीच वाचली. भीती पुसायची कशी, ते शोधत होतो. पुसता येत नाही. जुनी वायर तशीच राहते. शेजारून नवी टाकायची आणि तिच्यात रोज करंट सोडायचा. रोज. एक दिवस खाडा केला की संपलं. मी खाडा केलेला नाही, याही. आणि मरेपर्यंत करणार नाही. पण नवी वायर जोडली गेली की नाही, हे मला कळणार कसं?"

लग्न झालं, मुलगी आमच्या घरी आली. आमच्याशी ती भरपूर बोलायची, हसायची. वडील आले की आवाज आपोआप खाली. चार-पाच महिन्यांनी एका रविवारी व्याही आणि विहीणबाई जेवायला आले होते. माझ्या चिरंजीवांनी सुनेच्या आईचं औषध आणायचं साफ विसरून वर "त्यात काय एवढं?" असं विचारलं. सून उसळली. व्याह्यांनी लगेच घास खाली ठेवला. "बेटा, बघ, आत्ता तुझ्या अमिग्डालामध्ये…"

"पप्पा, बस!" ती वाढता वाढता डाव ठेवून त्यांच्याकडे वळली. आवाज शेजारच्या बिल्डिंगपर्यंत गेला असेल. "अमिग्डाला-बिमिग्डाला काही नाही! मला राग आलाय. माझा आहे, मला येऊ द्या! आणि तुम्ही मध्ये बोलू नका!"

मी व्याह्यांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली, म्हणाले, "बरं बेटा," आणि वरणभात कालवायला लागले. कालवतच राहिले. तिनं रागातच त्यांच्या पानात आणखी भात वाढला, तोही त्यांनी मुकाट्यानं खाल्ला.

निघताना विहीणबाई वर चपला शोधत होत्या, तेवढ्यात खाली स्कूटरपाशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "याही, ऐकलं ना तुम्ही? माझ्यावर ओरडली."

"ओरडली की. चांगली ओरडली."

"डोळे? डोळे खाली नव्हते ना?"

"नव्हते. रोखून बघत होती तुमच्याकडे."

इतक्या वर्षांच्या अभ्यासातलं एकही नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. नुसतेच माझ्या मनगटाला धरून उभे राहिले, मोठा माणूस, मिशी ओली झालेली. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या वडिलांसमोर मी जन्मात कधी चढ्या आवाजात बोललो नाही, आणि गावाकडे अजून त्याचे दाखले देतात. त्या दुपारी पहिल्यांदाच मला त्या कौतुकाचं वाईट वाटलं, आणि वडिलांचंही.