अहिराणी कोणाला येते?

मंडळी, आज वर्गात एका विद्यार्थिनीने मला लाजवलं.

रविवारी इथे गुजरातेत, पलसाण्याला मिल कामगारांच्या बायकांसाठी आरोग्य शिबिर आहे. डॉक्टर गुजराती बोलणार, बायका अहिराणी. मध्ये बसून एकमेकांचं समजावून सांगायला आमच्या कॉलेजची मुलं हवी होती. मी विचारलं, "अहिराणी कोणाला येते?"

हजेरीत निम्मी आडनावं खानदेशातली. तरी सगळ्यांनी वह्यांत डोकी खुपसली. मला चीड आली. यांना रविवारची सुट्टी सोडवत नाही, असं वाटलं.

मग वैशालीने हात वर केला. ही पोरगी तीन वर्षं वर्गात फक्त गुजरातीच बोलत आलीये. मागून कोणीतरी हसलं.

ती वळून म्हणाली, "हसा. गेल्या वर्षी डॉक्टर आईला गुजरातीत विचारत होते, कुठे दुखतं. तिला सांगता येईना. मी शेजारीच होते. पण रांगेत कॉलेजच्या मैत्रिणी होत्या, म्हणून मी तिच्याशी अहिराणीत बोललेच नाही. ती न सांगताच घरी आली."

मग एकेक करून आणखी चार हात वर गेले.

सहावा माझा. अकरा वर्षं इथे शिकवतेय, पण घरी आईशी मी अहिराणीत बोलते हे या कॉलेजात कोणालाच माहीत नव्हतं.

वैशाली हसली. "तुमले बी येस का, मॅडम?"

रविवारी मी तिच्या शेजारी बसणार आहे. अजून खुर्च्या रिकाम्या आहेत. तुमच्यापैकी कोणाला येते?