मार्तंड गावड्यांचा अभिप्राय

रविवारी सकाळी मार्तंडअण्णा आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात घडी घातलेला पेपर होता. मी "या अण्णा, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. चपलासुद्धा पायातच ठेवल्या.

"बाई, ह्ये मी कवा म्हटलो?"

त्यांनी जिथं बोट टेकवलं होतं तिथं आमच्या चित्रपट मंडळाच्या कार्यक्रमाची बातमी होती. बातमीखाली प्रेक्षकांचे अभिप्राय, आणि त्यातला तिसरा असा: 'भाषेचे सामर्थ्य दाखवणारा प्रेरणादायी चित्रपट. तरुणांनी अवश्य पाहावा. – मार्तंड गावडे, माजी सैनिक.'

ते वाक्य त्यांचं नव्हतं. माझं होतं.

मी कॉलेजात मराठी शिकवते, आणि बेळगावात आमचं जे छोटं चित्रपट मंडळ आहे त्याचं लिखापढीचं काम माझ्याकडे असतं. महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या सभागृहात सिनेमा दाखवायचा, मग चर्चा, मग प्रेक्षकांकडून चिठ्ठ्यांवर अभिप्राय घ्यायचे आणि त्यातले पाच-सहा निवडून पेपरला पाठवायचे. या वेळचा सिनेमा दुसऱ्या महायुद्धातल्या नावाहो सैनिकांवर होता. नावाहो म्हणजे अमेरिकेतले मूळचे लोक. त्यांची भाषा बाहेरच्या कुणालाच येत नव्हती, म्हणून अमेरिकेच्या सैन्यानं त्यांना वायरलेसवर बसवलं. रणगाड्याला ते त्यांच्या भाषेत कासव म्हणत आणि हातबॉम्बला बटाटा. जपान्यांनी कान टवकारून ऐकलं, पण त्यांना शेवटपर्यंत काही उमगलं नाही.

मार्तंडअण्णा बेळगावच्या वडगाव भागात आमच्याच गल्लीत राहतात. वय शहात्तर. मूळ गाव कणकुंबीच्या बाजूला, रानात. पलटणीतून सुटून आल्यावर वीस वर्षं एका शाळेच्या फाटकावर रखवालदार होते. आता व्हरांड्यात बसून गल्लीतले रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करून देतात. त्यांची बायको बेबीमावशी म्हणते, "माणसाबरोबर कमी आणि पेचकसाबरोबर जास्त बोलतो ह्यो." ते पलटणीत वायरलेसवर होते हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच आग्रह करून त्यांना नेलं होतं. सिनेमाची प्रत हिंदीत डब केलेली होती, त्यामुळे अडचण नव्हती.

सिनेमात कासवाचा प्रसंग आला तेव्हा अंधारात अण्णा एकदम मोठ्यानं म्हणाले, "गवा!" पुढच्या रांगेतले दोघे वळून बघून हसले. मीही ओशाळून त्यांच्या हातावर हात ठेवला.

मग चर्चा झाली. चिन्मय नावाचा इंजिनिअर म्हणाला, लढाईचे सीन जबरदस्त आहेत, पण मधला भाषेचा भाग जरा रटाळ वाटला. एक बाई म्हणाल्या, "ते आदिवासी किती निरागस दाखवलेत, नाही?" सिनेमात गोऱ्या सार्जंटला एक गुप्त हुकूम असतो. जोडीचा नावाहो सैनिक शत्रूच्या हाती लागायची वेळ आली, तर भाषा वाचवण्यासाठी यानंच त्याला गोळी घालायची. त्यावर आमचे अध्यक्ष रविराज वकील दहा मिनिटं बोलले. सार्जंटच्या मनातली घालमेल हाच सिनेमाचा गाभा आहे, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

अण्णांनी हात वर केला होता. वकील म्हणाले, "काका, वेळ संपलीय. चिठ्ठीवर लिहून द्या की."

अण्णांनी चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरून दिली. मी ती घरी आणून वाचली. वाचताना हातात लाल पेन होतं, सवयच ती. 'न्हाय'चं 'नाही' केलं, 'पिच्चर'चा 'चित्रपट' केला. मग वाटलं, हे फार तिखट आहे, लांबही आहे, पेपरवाले घेणार नाहीत. मग मी ते 'सारांशरूपानं' लिहिलं. काय केलं ते आता स्वच्छ सांगते: त्या माणसाचं म्हणणं मी पुसलं आणि त्याच्या नावावर माझं म्हणणं छापलं.

दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "माझी चिठ्ठी कुठं हाय?"

मी ती आणून दिली. लाल रेघांनी भरलेली. त्यांनी ती उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

"ह्ये रगत कुणी सांडलं?"

"अण्णा, मी फक्त शुद्धलेखन–"

"शुद्ध? मग मी काय इटाळ लिवलो व्हय?" त्यांचा आवाज चढला. समोरच्या घरातले विणकर यमनाप्पा माग थांबवून बाहेर आले. "बाई, तिसरीत असताना मी 'न्हाय' म्हटलो म्हणून गुर्जींनी मला अंगठं धरून हुबा केलता. सबंध दुपार. डोळ्यांम्होरं अंधारी आल्ती. म्हणाले, ही जनावरांची भाषा हाय. शहरातनं आलते ते. आणि एकाहत्तरच्या लढाईत सायबांनी मला काय इचारलं ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका गल्लीत राहून मी कधी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. पूर्वेकडच्या आघाडीवर त्यांची पलटण एका नदीकाठी अडली होती. दोन कंपन्या, मध्ये पाणी. नदी ओलांडताना संकेतांचे कागद भिजून त्यांचा लगदा झाला होता. हिंदीत बोलावं तर शत्रूला सगळं कळतं, त्याची उर्दू आणि आपली हिंदी सारखीच. इंग्रजीही त्याला येते. अलीकडच्या सेटवर मार्तंड आणि पलीकडच्या सेटवर नागोजी, दोघं एकाच गावचे, एकाच गुर्जींचा मार खाल्लेले. साहेब म्हणाले, "तुम्ही दोघं गावाकडं कसं बोलता? तसंच बोला."

"मग बोललो. रणगाडा दिसला की नागोजी सांगायचा, गवा आला. आमच्या रानात गवंच लई. पूल म्हणजे साकव, तोफगोळा म्हणजे फणस. 'दोन गवं हाईत रं, साकवाच्या वरल्या अंगाला. फणस टाकाय सांग.' आसं सकाळपासनं तिसऱ्या पारापतूर. त्या साकवावरनं आमची दीडशे माणसं सुकरूप आली. ज्या बोलण्यापायी अंगठं धरलेतो, त्याच बोलण्यानं." त्यांनी पेपर आणि चिठ्ठी माझ्या पुढ्यात खुर्चीवर टाकली. "साळंत ह्या भाषेनं मार खाल्ला, लढाईत ती कामाला आली, आणि आता तुमी पेपरात तिला परत अंगठं धराय लावला. पटतंय तुमास्नी?"

ते वळले आणि निघून गेले. यमनाप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तेही आत गेले.

त्या दिवशी मी चिठ्ठी नीट वाचली, लाल रेघांच्या खालची. ती अशी होती:

'पिच्चर त्या लोकांचा, पन हिरो दुसराच. ज्येची भाषा त्येलाच बोलाय दिलं न्हाय. सोबत्याला हुकूम, की ह्यो घावला तर ह्येला मार. भाषा पायजे, मानूस नको. सार्जंटला किती वाईट वाटलं ह्येच्यावर समदी बोलली. ज्येच्या पाठीत गोळी जायाची त्येला काय वाटलं आसंल, ह्ये एकानं बी इचारलं न्हाय. मला लई राग आला. मार्तंड गावडे.'

एवढ्या गर्दीत सिनेमा खऱ्या अर्थानं एकट्या अण्णांनीच पाहिला होता, आणि त्यांचाच अभिप्राय मी कापला होता.

सोमवारी मी रविराज वकिलांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, चिठ्ठी जशीच्या तशी छापून आणायची. ते हसले. "मॅडम, कालचा पेपर आज कोण वाचतंय? आणि तुम्ही मराठीच्या प्राध्यापक. अशी भाषा छापली तर लोक आपल्यालाच हसतील. एक करू, पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. म्हातारा खूश होईल."

"त्यांनी सत्कार मागितलेला नाही."

"मागत कोण असतं?"

पेपरच्या कचेरीतही गेले. तिथल्या माणसानं चिठ्ठी वाचली, परत दिली आणि 'आमच्या शैलीत बसत नाही' म्हणून सांगितलं. तोवर हे वाक्य मी स्वतः शेकडो विद्यार्थ्यांना ऐकवलेलं होतं. ऐकून घेताना कसं लागतं ते तिथं कळलं.

वकिलांनी सत्कार ठरवूनच टाकला. अण्णांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "शाल नको. पर येतो मी. नागोजीला बी आणतो. आणि माझी चिठ्ठी द्या माघारी." मी ती उतरवून घेतली आणि मूळ त्यांच्या हातात दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी कणकुंबीहून पहिल्या गाडीनं नागोजी आले. बारीक अंगाचे, डोक्याला मफलर, एका कानानं अजिबात ऐकू न येणारे. तोच कान, ज्याला हेडफोन असायचा. दोघं व्यासपीठावर बसले. वकिलांनी 'आपल्या रांगड्या बोलीचा गोडवा' या विषयावर भाषण केलं आणि माझ्याकडून ऐकलेला गव्याचा किस्साही रंगवून सांगितला. मग चिन्मयनं मोबाइल वर धरला आणि ओरडून म्हणाला, "काका, ते गव्याचं बोलून दाखवा ना एकदा! व्हिडिओ करतो." दोन-तीन मोबाइल आणखी वर आले. लोक हसायला लागले. वाईट नव्हतं ते हसू, पण हसूच होतं.

नागोजींनी बऱ्या कानाकडे हात नेऊन विचारलं, "काय म्हणत्यात रं?"

"खेळ करून दाव म्हणत्यात," अण्णा म्हणाले.

ते उठले. माइक त्यांनी घेतलाच नाही. "ह्यो नागोजी त्या दिवशी बोलत व्हता तवा त्येच्या शेजारची दोन पोरं मेली. तोंडानं बोलत व्हता आणि डोळ्यांनी त्यांच्याकडं बघत व्हता. त्येचं बोलणं ही गंमत न्हवं. खाली घ्या ती मोबाइलं."

मोबाइल खाली आले. मग अण्णांनी खिशातून ती चिठ्ठी काढली आणि वाचली. 'पिच्चर' म्हणताच मागून कुणीतरी फिसकन हसलं. अण्णा थांबले, त्या दिशेनं बघत राहिले, आणि तोच शब्द पुन्हा, सावकाश उच्चारून पहिल्यापासून वाचायला लागले. या वेळी कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी नको म्हणूनही मिळालेली शाल तशीच घडीसकट वकिलांच्या टेबलावर ठेवली, नागोजींच्या दंडाला धरलं, आणि दोघं मधल्या वाटेनं चालत बाहेर पडले. माझी खुर्ची व्यासपीठाच्या कडेला होती. मी उठून त्यांच्या मागोमाग गेले.

बस स्टँडवर मी त्यांना गाठलं. नागोजी कंडक्टरशी कन्नडात हुज्जत घालून खिडकीची जागा पकडत होते. गाडी सुटेपर्यंत अण्णा माझ्याकडे पाठ करून खिडकीखाली उभे राहून नागोजींशीच बोलत राहिले.

पुढं असं झालं. पेपरनं काही छापलं नाही. मंडळाच्या पत्रकात मी चिठ्ठी अक्षरन् अक्षर छापली आणि खाली खुलासा दिला, की आधीचा अभिप्राय गावडे यांचा नव्हता, तो मी रचलेला होता. वकिलांनी मला न विचारता ते पत्रक वाटणं थांबवलं. तेव्हा मी झेरॉक्स काढून आमच्या गल्लीत, शेजारच्या शहापुरात, कॉलेजात स्वतः वाटली आणि मंडळ सोडलं. वकील अजून भेटले की म्हणतात, "एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ केलात!" एवढीशी. दुसऱ्याच्या तोंडातलं काढून त्यात आपलं कोंबायचं, आणि मग ती एवढीशी गोष्ट.

दोन महिन्यांनी मी अण्णांना विचारलं, तुमच्यावर लिहू का? ते मिक्सरचं झाकण काढत होते. म्हणाले, "लिवा. पर छापायच्या आधी मला वाचून दावायचं."

हे सगळं मी त्यांना त्यांच्या व्हरांड्यात बसून वाचून दाखवलं. त्यांनी दोन जागी थांबवलं. एका ठिकाणी मी 'शूर जवान' लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. शेवटी मी लिहिलं होतं की अण्णांचा राग हळूहळू निवळला आणि त्यांनी मला मोठ्या मनानं क्षमा केली.

"ह्ये कुणी सांगितलं तुमास्नी?" ते म्हणाले. "काढा ते. राग गेलेला न्हाय."

काढलं.